तारेचा उजवा पाय

पालीच्या कमळाताईंचा गणपतीचा कारखाना. मूर्ती घडवण्याचा हात वडिलांकडून आलेला. दोन वर्षांपूर्वी सर्वेश नावाच्या माणसाने आरे-वारेजवळ सड्यावर, समुद्राकाठच्या कातळाच्या माळावर, ध्यानकेंद्र काढलं आणि त्यांच्याकडे तारेची मूर्ती मागितली. तारा ही बौद्धांची करुणेची देवता. कमळाताईंनी ती कधी पाहिली नव्हती. केंद्रात आलेल्या एका म्हाताऱ्या भिक्षुणीने समजावलं, की तिचा डावा पाय दुमडलेला असतो, तो ध्यानाचा. उजवा खाली सोडलेला, कोणी हाक मारली तर लगेच उठता यावं म्हणून. ध्यानाला बसणाऱ्याने तो पाय मनात धरायचा. कमळाताईंनी तो पाय तीनदा मोडून पुन्हा घडवला.

मूर्ती बसली. महिन्याने रंग उडाला म्हणून त्या दुरुस्तीला गेल्या. सभागृहात चाळीसेक माणसं डोळे मिटून बसली होती. बाहेर ओल्या फरशीवर झाडलोट करणारी मैना घसरली. हाड मोडल्याचा आवाज आत ऐकू आला, मग तिची किंकाळी. एकही माणूस उठला नाही. एकाने फक्त पाठ आणखी ताठ केली.

कमळाताई ब्रश टाकून धावल्या. मैनेला रिक्षात घालून रत्नागिरीला नेलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या टेम्पो घेऊनच केंद्रात आल्या. सर्वेश हळू आवाजात म्हणाला, की मौनाचा नियम होता, साधकांचं चित्त विचलित होऊ नये.

"बाई बोंबलत होती आणि तुमचं चित्त जाग्यावर होतं?" कमळाताई म्हणाल्या. "मग ही कशाला हवी तुमाला? हिचा पाय खाली सोडलेला हाय. दिसत नाय?"

सर्वेशने त्यांना शांत व्हायला सांगितलं. राग हे विष आहे, असंही म्हणाला.

"माझा राग माझ्याजवळ राहूदे." त्या टेम्पोवाल्याकडे वळल्या. "तुमी मूर्तीला हात लावा."

टेम्पोवाल्याने आणि त्यांनी मिळून तारा उचलली. सर्वेश अडवायला आला नाही. तारा कारखान्यात परत आली. पुढे केंद्राने बाहेरून दुसरी मूर्ती आणली, दोन्ही पाय दुमडलेली. ते ऐकून कमळाताईंनी हातातली माती भिंतीवर आपटली.

मैनेचं मनगट वाकडंच जुळलं. आता ती कारखान्यात येते, डाव्या हाताने माती मळते. लोक म्हणतात, ताई, राग सोडून द्या आता. कमळाताई मातीचा पुढचा गोळा हातात घेतात. त्यांनी काहीच सोडलेलं नाही.