दर्यात दाबून न पाहिलेलं बटण

लवू तांडेलची मुलगी रिया सावंतवाडीला कॉम्प्युटर शिकून आली, तेव्हा किनाऱ्यावर सगळ्यांना वाटलं, ही आता पुण्याला जाणार. ती गेली नाही. होडी परतली नाही की घरची माणसं वाळूत कशी उभी राहतात, ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून तिनं मच्छीमार सोसायटीची वेबसाइट बनवली. तिच्यात एक लाल बटण. संकटात ते दाबलं, की होडी कुठे आहे ते गावातल्या सगळ्यांच्या फोनवर यायचं.

चेअरमन बाबूंना उद्घाटनाची घाई. पाहुणे ठरलेले, मंडपही उभा.

"एकदा दर्यात जावन दाबून बघूया, बाबूकाका," रिया म्हणाली. "रेंज कमी आसली तर काय होता, माका ठाऊक नाय."

"घरात चलता मा? मग दर्यात कित्याक नाय चलाचा? मागसून बघ सावकाश."

तिनं ताणून धरलं नाही. मंडपातलं कौतुक तिलाही हवंच होतं.

मोसमाच्या सुरुवातीलाच गणपतकाकांच्या होडीचं इंजिन भर दर्यात बंद पडलं. बरोबर पुतण्या निलेश. वारा फिरला होता. निलेशनं बटण दाबलं आणि अक्षरं उमटली : 'संदेश पोचला. मदत येत आहे.' तेवढ्यात जवळून एक ट्रॉलर चालला होता. ट्रॉलरवाल्यांशी गावाचं जुनं वैर. निलेश हाक मारणार, तोच काकांनी त्याला अडवलं.

"आपली माणसा येतत. त्येंच्या पाया कित्याक पडाचा?"

ट्रॉलर दिसेनासा झाला. मग लाटांनी होडी उलटली. रिकाम्या कॅनला धरून राहिलेला निलेश दुसऱ्या गावच्या होडीला सापडला. काकांचं प्रेतच किनाऱ्याला लागलं.

रेंज नसल्यानं संदेश फोनमधून निघालाच नव्हता. बटण दाबल्याबरोबर ती अक्षरं दिसतील, असंच रियानं लिहिलं होतं. संदेश खरंच गेला का, ते वेबसाइट बघतच नव्हती. घरच्या वायफायवर तो दर वेळी जायचाच, त्यामुळे चूक कधी उघडी पडली नाही.

ती गणपतकाकांच्या घरी गेली. ओटीवर बसलेला निलेश मान वर न करता म्हणाला, "पोचलो म्हणान लिवलेला, रिया. नायतर काकांनी ट्रॉलराक हाक मारूंक दिली असती."

काकांची बायको, जानकीकाकी, दारात आली. एवढंच बोलली, "तू तरी दर्यावरच्या घरातली गो."

पुढे रियानं लवूबरोबर होडीतून जाऊन, रेंज तुटते तिथे पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहिलं. चूक दुरुस्त केली. सोसायटीनं वेबसाइट पुन्हा सुरू करू दिली, पण कोणी ती उघडत नाही. तिच्या शब्दाखातर लवू फोन नेतो, तोही पिशवीत तळाशी.

जानकीकाकी आता बाजारात मासे विकायला बसते. रिया तिच्याकडूनच मासे घेते. माशांच्या भावापलीकडे दोघींत बोलणं होत नाही.