जाऊबाईंचं संचालकपद

तीस वर्षं मी साताऱ्याच्या कॉलेजात कंपनी कायदा शिकवला. संचालकाची कर्तव्यं मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. पण सांगलीच्या एका मोठ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या ओतकामाच्या कंपनीला मंडळावर स्वतंत्र संचालक म्हणून बाई हवी झाली, तेव्हा त्यांनी विचारलं माझ्या धाकट्या जावेला. ती सांगलीच्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, नुकतीच निवृत्त झालेली. कंपनीच्या अध्यक्षांची मुलगी तिच्या हाताखाली शिकलेली. एवढी पात्रता त्यांना पुरली.

"ताई, तुम्ही असताना हे माझ्याकडं कसं आलं कळंना बघा," ती फोनवर म्हणाली. "पण एक परीक्षा हाय म्हणं. तुम्ही शिकवाल न्हवं?"

मी "अगं, त्यात काय" म्हणाले आणि फोन ठेवून भांडी आपटली. ह्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि आल्या पावली परत गेले.

ती चार दिवस आमच्याकडे राहिली. येताना भडंगाचा डबा आणि शाळेतल्यासारखी पुठ्ठ्याची वही घेऊन आली होती. पहिल्याच सकाळी मी तिला सांगितलं, मंडळात गप्प बसणं म्हणजे होकार. शंका असेल तर तिथल्या तिथे बोलायची आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यायची. पुढे भानगड निघाली तर तेवढीच नोंद तुला वाचवेल. तिनं ते लाल पेनानं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मी मन लावून शिकवलं, खोटं कशाला बोलू. आणि ती नापास व्हावी म्हणून रोज मनातल्या मनात देवाला सांगितलं, तेही खरं. ती पहिल्या झटक्यात पास झाली.

मग मी त्या कंपनीचे दहा शेअर घेतले. "मंडळावर नाही तर नाही, मालकीण तरी झालीस," हे म्हणाले. मला फक्त वार्षिक अहवालातला तिचा फोटो बघायचा होता. राखाडी रेशमी साडी, गळ्यात मोत्यांची सर, खाली 'शिक्षणक्षेत्रातील ज्येष्ठ व्यक्तिमत्त्व'. मी तो फोटो मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. मोती खोटे असावेत असं वाटलं आणि बरं वाटलं.

पहिल्या बैठकीचं वर्णन तिनं फोनवर रंगवून सांगितलं. बैठकीनंतर अध्यक्षांच्या घरी जेवण. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं हिला पाटावर बसवून ओटी भरली, वर साडी दिली आणि म्हणाली, "लेकी, तू आता ह्या घरची माहेरवाशीण हाईस." कायद्याला हवी असते कंपनीशी नातं नसलेली बाई, आणि यांनी तिला एका दुपारी माहेरवाशीण करून टाकलं. हे मी तिला बजावायला हवं होतं. मी विचारलं, साडी कुठल्या रंगाची.

पुढच्या बैठकीचे कागद आले तेव्हा तिनं त्यांचे फोटो काढून मला पाठवले. मंडळाचे कागद बाहेर दाखवायचे नसतात, हे तिला मीच शिकवलं होतं. पण मोठ्या जावेला विचारणं म्हणजे बाहेर विचारणं, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. आमच्याकडे साधी बारशाची यादीसुद्धा मोठ्या जावेच्या नजरेखालून जाते. फोटोंखाली तिनं लिहिलं होतं, "ताई, भट्ट्यांच्या देखभालीचं काम ज्यांना द्यायचंय त्यांचा पत्ता अध्यक्षांच्या जुन्या बंगल्याचा वाटतो. मीटिंगमध्ये विचारू का?"

मी सरकारी संकेतस्थळावर त्या देखभाल करणाऱ्या कंपनीचं नाव टाकून पाहिलं. पाच मिनिटं लागली. संचालक दोघं, अध्यक्षांची मुलगी आणि जावई. असं नातं मंडळापुढे उघड करावं लागतं, आणि ठराव येतो तेव्हा अध्यक्षांनी खोलीबाहेर जायचं असतं. कागदांत नात्याबद्दल अक्षर नव्हतं.

तिच्या बरोबर लक्षात आलं होतं. तीस वर्षं कायदा न शिकवता, चार दिवसांत. हेच मला सहन झालं नाही. मी लिहिलं, "असे विषय नेहमीचेच असतात. विचारून स्वतःचं हसू करून घेऊ नकोस."

तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बैठकीत ती गप्प बसली.

वर्षभरानं कुणीतरी तक्रार केली, चौकशी लागली आणि ठरावाला होकार देणाऱ्या प्रत्येक संचालकाला नोटीस आली. तिलाही. "ताई, तुम्ही आलात तर धीर येईल," ती म्हणाली. मी सकाळच्या गाडीनं सांगलीला गेले आणि तिच्याबरोबर वकीलबाईंसमोर बसले. तिच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं होतं. डोळे सुजले होते.

"पत्ता तर कागदांतच आहे, आणि तुम्ही इथंच राहता," वकीलबाई म्हणाल्या. "मग विचारलं का नाही?"

"माझ्या लक्षात आलं नाही," जाऊ म्हणाली.

"तसं लिहिलं तर निष्काळजीपणा कबूल केल्यासारखं होईल. शंका आली होती, कुणाला विचारलं होतं, असं काही दाखवता येईल?"

"नाही. कुणालाच विचारलं नाही."

वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमचा तर हाच विषय. तुमच्या लक्षात आलं असतं, नाही?"

"कागद पाहिले असते तर आलं असतं," मी म्हणाले.

जावेनं मान हलवली. "ताईंच्या लक्षात आलंच असतं," ती म्हणाली.

परतताना रिक्षात तिनं माझा हात हातात घेतला. "तुमचीपण नजर चुकली, ताई. माणूस हाय, चुकतंच. पण एवढी वर्षं शिकवलंय तुम्ही, लोक नावं ठेवतील. म्हणून ते मेसेज मी कवाच पुसून टाकलेत. तुमचं नाव कुठं निघायला नको."

तिला अजूनही वाटत होतं की मला कळलंच नव्हतं. तिला शंका आली होती याचा तिच्याजवळचा एकुलता एक पुरावा तिनं माझ्या अब्रूपायी पुसून टाकला होता. एवढं मोठं मन हिच्याकडे कुठून आलं, असं वाटून मला तिचा पुन्हा हेवा वाटला. रिक्षात, तिचा हात हातात असताना.

माझ्या मोबाइलमध्ये ते मेसेज अजून होते. तिचा प्रश्न, तारखेसकट, आणि खाली माझं उत्तर. वकीलबाईंना ते पाठवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. नोटिशीचं उत्तर जायला अजून चार दिवस होते. ते चार दिवस मी तिच्याच घरी राहिले, तिला धीर दिला, तिच्यासाठी मऊ भात केला. उत्तर गेलं. त्यात तिनं लिहिलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही.