ढग राखणाऱ्यांची घरं

लढाईच्या वर्षांत आमची धाकटी लेक चिंचेवरून पडली आणि पाय मोडून बसली. हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. तिला रोज गोष्ट हवी असे. मी हिशेबी माणूस, राक्षस आणि पऱ्या मला जमेनात. एखाद्या देशातले लोक काय खातात आणि ते कुठून येतं हेच ठाऊक नसेल, तर तिथली गोष्ट सांगायची कशी?

त्याच सुमाराला म्हसवडकडचे धनगर दरसालाप्रमाणे उंब्रजला आमच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायला आले होते. मेंढरं रात्रभर रानात बसत, आम्हाला खत मिळे, बदल्यात आम्ही ज्वारी देत असू. मला देश सापडला. माझ्या गोष्टीतले लोक मेंढरांऐवजी ढग राखत. शेतकऱ्याच्या रानात रात्रभर ढग बसवायचे, सकाळी धान्य घेऊन पुढं जायचं. किती रान भिजलं की किती ज्वारी द्यायची, तेही मी ठरवून टाकलं होतं.

धनगरांची एक म्हातारी दुपारी लोकर कातत पोरीपाशी येऊन बसे. तिलाही गोडी लागली. "काल ढग कुठवर आलं हुतं, मालक?" असं तीच आधी विचारी.

त्यांना घरं द्या, या पोरीच्या हट्टावरून मी एकदा शेवट गोड केला. राजानं खूष होऊन ढगवाल्यांना कौलारू घरं दिली आणि ते कायमचे तिथंच राहिले.

म्हातारीची लोकर कातायची चाती थांबली. "घरं? कुणी मागितली हुती?"

"राजानं आपणहून दिली, मावशी."

"आन् ढगांनी काय कौलावर बसायचं?" ती उठलीच. "आमाला दार मिळंना म्हून आमी हिंडतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पोर भाकरीला शिवेना. "आजी रुसली. घरं द्या म्हून मीच म्हटलं हुतं," एवढंच तिचं चालू. शेवटी मी रानात गेलो.

"मावशी, पोर जेवत न्हाई. मोडून टाकतो ती घरं."

"बांधल्यालं घर मोडू नये, मालक. त्यात कुणाला ठिवायचं ते पोरीला ठरवू द्या. ऐकाय येते मी."

दुपारी ती आली. पोरीनं सकाळभर विचार केला होता.

"आजी, बारकी ढगं वाऱ्यानं उडून जात्यात. त्यांना घरात ठिवायचं. मोठ्यांनी खुशाल हिंडावं."

म्हातारी खोकला येईस्तोवर हसली. "आता कसं! कोकरं डालाय, झाकून ठिवाय जागा लागतीच की. आवं मालक, हे तुमाला कसं सुचलं न्हाई?"

"आन् त्यांना न्यायला मोठी माघारी येणारच न्हवं?" पोरीनं विचारलं.

"येत्यात तर! कोकरू टाकून कोण जातंय?"

म्हातारी खाली बसली, कातायला लोकरीचा पेळू सोडला. पोरीनं आईला हाक मारून भाकरी मागितली.