आकाराम चौगले तळं निवडतात

आकाराम चौगल्यांना पाण्याची हौस होती म्हणावं, तर पाणी त्यांच्या घरी दोनदा येऊन राहून गेलं होतं, तेही न बोलावता. गंगावेशीच्या खालच्या अंगाला, नदीकडच्या गल्लीत त्यांचं घर. एकोणीस साली पंचगंगा माळ्याच्या शिडीला लागली. एकवीस साली परत आली, तेव्हा आकारामनी काही धावपळच केली नाही. गहू, देव आणि टीव्ही या क्रमानं माळ्यावर चढवले आणि उंबऱ्यावर बसून म्हणाले, "ये बाई, तुझंच घर हाय."

पाणी उतरल्यावर चिखल ओढता ओढता त्यांच्या बायको सोनूबाई थांबल्या, खराट्यावर रेलल्या आणि म्हणाल्या, "आता माझ्यानं न्हाय व्हायचं." भांडण नाही, रडणं नाही. एवढंच बोलून परत चिखल ओढायला लागल्या. आकारामना हे वाक्य पुरापेक्षा जड गेलं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं, यशराजनं फोनवरून लगेच निकाल दिला, "दादा, ते घर काढून टाका आणि चांगल्या भागात फ्लॅट घ्या." घराला गिऱ्हाईकही आलं. आता नवं घर कुठं घ्यायचं? आकाराम म्हणाले, "तळ्याकाठी."

अख्खी गल्ली हसली. पुरातनं सुटलेला माणूस पुन्हा पाणीच मागतोय! पण आकारामांचं कारण गोठ्यात रवंथ करत उभं होतं. त्याचं नाव चंद्री.

एके काळी गोठा भरलेला होता. आता ही एकच म्हैस उरली होती. संध्याकाळी तिला दूध कट्ट्यावर न्यायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाचा ग्लास हातात द्यायचा, यात आकारामांचा जन्म गेला. म्हशीला दुपारी पाण्यात बसायला लागतं. नाही बसवलं तर धार आखडती घेते, आणि आकारामांच्या मते तोंडही फुगवते. म्हणजे नदी सोडायची तर तळं पाहिजेच. कोल्हापुरात तळ्यांची ददात नाही. प्रश्न एवढाच होता, रंकाळा की कळंबा?

रंकाळ्यातल्या नंदीबद्दल सांगतात, की तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं. आकारामांचा निर्णय त्याच चालीनं निघाला. सकाळी रंकाळ्यावर फिरून आले की रंकाळा. कट्टा जवळ, अंबाबाई जवळ, बाकावर बसून राजकारण करणारे सोबती जवळ. दुपारी वारा फिरून पाण्यावर कुजलेल्या केंदाळाचा वास नाकात गेला की कळंबा. तिथं त्यांचा भाचा हंबीरराव राहायचा. पुरात चंद्रीला त्याच्याच गोठ्यात ठेवलेली. मोकळी जागा, ओला चारा, स्वच्छ पाणी. पण रात्री झोपताना आठवायचं, की कळंब्यात तुरुंगही आहे.

"आमी कळंब्याला ऱ्हायला चाललोय म्हटलं की लोक इचारणार, काय केलंसा?" ते सोनूबाईंना म्हणत.

"वरीसभर तळीच बघालायसा की," सोनूबाई म्हणत आणि कुशीवर वळत. वळतानाही त्यांना गुडघा हातानं उचलून ठेवावा लागे.

घरं दाखवणारा एजंट होता उदयसिंह. पोरगा गोड बोलायचा, पण तोही आता आकारामांचा फोन आला की आधी पाणी प्यायचा. रंकाळ्याकाठच्या नव्या इमारतीत त्यानं त्यांना चार वेळा नेलं होतं.

"मामा, गॅलरीत हुबं ऱ्हायलं की पुढ्यात तळं. आणि काय पायजे?"

"म्हस कुटं बांधायची?"

"मामा, जनावरं चालत न्हाईत हितं. कुत्रं चालतंय."

"कुत्रं दूध देतंय व्हय?"

उदयसिंहनं मान खाली घातली आणि त्यांना कळंब्याला नेलं. तिथं तळ्याच्या अंगाला एक बैठं घर होतं, मागं गोठ्यापुरती जागा. आकारामांचा चेहरा उजळला. "हे बेस हाय," ते म्हणाले. मग घरी येईपर्यंत त्यांना कट्ट्यावरची गिऱ्हाइकं आठवायला लागली, आणि नंदी तांदळाभर मागं सरकला.

शेवटी यशराजनं निर्वाणीचं सांगितलं, की येत्या रविवारी कुठल्या तरी एका घराचा इसार द्या. आकारामनी ठरवलं, आधी रंकाळ्याचा फ्लॅट सोनूबाईंना एकदा दाखवायचा, मग कळंब्याचं घर, आणि बोलणं तिथल्या तिथं मिटवायचं. सोनूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. आकारामनी फटफटी काढली.

इथं त्या फटफटीविषयी सांगायला पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात आणि मालक गाडीवर पुढं, म्हैस मागं अशा पळवतात. म्हैस गाडी आवाजानं ओळखते. आवाज नीट पोचावा म्हणून पाडव्यापुरता सायलेन्सर काढून ठेवतात. आकारामनी एका पाडव्याला काढलेला सायलेन्सर परत बसवलाच नव्हता. त्यामुळं ती फटफटी कुठंही सुरू झाली, की चंद्रीच्या दृष्टीनं पाडवा सुरू व्हायचा. म्हणून गाडी काढायच्या आधी दाव्याची गाठ बघायची, हा घरचा नियम. बघायच्या सोनूबाई. त्या दिवशी त्यांच्या मनगटात कळ होती. गाठ मारली होती, पण हातानं साथ दिली नव्हती.

इमारतीपाशी पोचून आकाराम गाडी लावतात न लावतात, तोवर मागं रस्त्यावर हॉर्न आणि आरडाओरडा. वळून बघतात तर दावं फरफटवत, धापा टाकत चंद्री! फाटकावरच्या वॉचमननं हात आडवा केला. चंद्रीनं शिंग हलवलं. वॉचमननं हात काढून घेतला. ती सरळ पार्किंगमध्ये आली, नव्याकोऱ्या चकचकीत फरशीवर फटफटीशेजारी उभी राहिली, आणि फ्लॅट पसंत असल्यासारखं तिनं शेणही टाकलं.

उदयसिंहनं कपाळ धरलं. "मामा, तुमी बायकोला दाखवायला येनार म्हनलासा. हिला बी दाखवायचं ठरलंतं व्हय?"

आकारामना हसू आलं. हसत हसत त्यांनी बघितलं, तर सोनूबाई खाली वाकलेल्या. ठेवणीतल्या लुगड्याचा पदर खोचून दोन्ही हातांनी शेण गोळा करत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. हातांनाच सवय होती. शेणाची पाटी नव्हती, म्हणून गोळा हातातच धरून त्यांनी उठायचं बघितलं, आणि त्यांना उठता येईना. गुडघे धरले होते. हात भरलेले, म्हणून जमिनीला टेकवता येईनात. त्या तशाच बसून राहिल्या आणि कुणाकडं बघायचं नाही म्हणून फरशीकडं बघत राहिल्या.

आकारामनी पुढं होऊन तो गोळा आपल्या हातात घेतला. मग काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

"लागलं?"

"न्हाय. दमलोय नुसतं."

आकारामना एकदम ध्यानात आलं. वर्षभर ते म्हशीसाठी तळं बघत होते. पहाटे शेण काढणारी, वैरण घालणारी, गाठ मारणारी बाई कुठल्या तळ्याकाठी राहणार, हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता.

"तुला कुटलं पायजे?" त्यांनी विचारलं.

सोनूबाई उदयसिंहकडं वळल्या. "ह्या बिल्डिंगला लिफ्ट हाय न्हवं? मग हितलंच. पण पाण्याकडचं नको. मागल्या अंगाचं दाव. पाणी बघून बघून डोळं दमल्यात माझं."

इसार दिला तो मागच्या अंगाच्या फ्लॅटचा. त्याच्या गॅलरीतून रस्ता दिसतो, एक बेकरी दिसते आणि समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. वर्षभर दोन तळ्यांत घुटमळून आकाराम चौगल्यांनी असं घर घेतलं, जिथून एकही तळं दिसत नाही.

चंद्रीला हंबीररावाकडं कळंब्याला पोचवायला आकाराम स्वतः गेले. फटफटीवर पुढं, ती मागं, अगदी सावकाश. गोठ्यात बांधली, पाठीवरनं हात फिरवला आणि गाडीला लाथ मारायला पाय उचलला, तशी चंद्रीनं दावं ताणलं. आकारामनी पाय खाली ठेवला. मग किल्ली भाच्याच्या हातात दिली.

"मामा, गाडी कशापायी?"

"तिला मी ठावं न्हाय रे. गाडी ठावं हाय. ऱ्हाऊ दे हितंच."

आणि केएमटीच्या बसनं घरी आले. बसमध्ये बसायला जागा मिळाली होती, तरी दमले.

पाडव्याला दोघं गॅलरीत बसले होते. लांबून आवाज आला. आकारामनी चहाची बशी खाली ठेवली. वळणावरून हंबीरराव आला, फटफटीवर, डोक्याला फेटा. मागं चंद्री. शिंगं लाल, कपाळावर मोरपिसं, तोंडाला फेस. ती गाडीकडं बघत पळत होती. वर कुणी बसलंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. बेकरीवरून ती पुढं निघून गेली.

आकारामांचा उजवा हात गॅलरीच्या गजावर होता आणि गाडीची मूठ पिळावी तसं मनगट हळूहळू पिळत होतं, पुढं, मागं, पुढं.

सोनूबाईंनी ते बघितलं. आवाज पार दूर जाईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "जरा सावकास घ्या की. दमती ती."