पायांतली कोठी

सरदारांची कोठी पाडून आमची इमारत उभी राहिली. आज तिच्या फाटकासमोर एका म्हाताऱ्याने चपला काढून हातात घेतल्या आणि फाटकावरून पुढे गेल्यावर परत पायांत सरकवल्या. पार्किंगमधूनच मी विचारलं, "बाबा, हे काय?"

"महाराज गावात आले की इथं उतरायचे. वडील असेच जायचे इथनं. महाराजांची खोली कुठल्या अंगाला होती हो?"

पाडण्याआधीची पाहणी माझीच. महाराजांच्या खोलीसकट सगळ्या खोल्यांची मापं मीच घेतली होती आणि 'जतन करण्याजोगं काही नाही' असं अहवालात मीच लिहिलं होतं. कोठी या माणसाच्या पायांत उरली असेल, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं.

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

मी उभा होतो ती जागा त्याच खोलीची होती, आणि माझ्या पायांत बूट होते.