पेज पाजणारा चिनाभाई

चिनाभाई गेल्याचं स्टेशनावरच्या हमालाने येऊन सांगितलं, तेव्हा मी खलात सुंठ कुटत होतो. नवापूरला कापड विकायला गेला होता, तिथेच धर्मशाळेत छातीत कफ दाटून संपला. त्याला आता दीड महिना होईल... बत्ता खाली ठेवला, एवढंच आठवतं.

सायकलवर रेशमाचं गाठोडं लादून हा चिनी फेरीवाला नंदुरबारात आला आणि स्टेशनाजवळ खोली घेऊन राहिला. खरं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून चिनाभाई. चार वर्षांत अहिराणी अशी बोलायला लागला की दारात आलेल्या बायका तोंडात बोट घालायच्या. सर्दीवर तो चीनकडच्या मुळ्यांच्या पुड्या देतो हे कळलं, तेव्हा मला रागच आला. तीन पिढ्यांचा वैद्य मी, आणि गावाचं नाक हा कापडवाला पुसणार?

पण माझ्या बायकोची सर्दी पंधरा दिवस हटेना. माझे सगळे काढे हरले, तेव्हा नाइलाजाने त्याला बोलावलं. त्याने तिच्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून कितीतरी वेळ डोळे मिटले, जीभ पाहिली, मग पुडी सोडली. दालचिनीच्या काड्या, आलं, ज्येष्ठमध, सुकी बोरं... सगळं माझ्याच फडताळातलं! एक पांढरं मूळ तेवढं अनोळखी. काढा पाजून मी शिरस्त्याप्रमाणे तिला लंघन करायला लावलं. सर्दीत वैद्य दुसरं काय करणार? संध्याकाळपर्यंत ती आणखीच गळाली. चिनाभाईने येऊन कपाळाला हात लावला.

"पेज नही दिन्ही? पोट खाली शे, घाम कथाईन यी?"

त्याने स्वतः चुलीवर तांदळाची पातळ पेज केली, नव्या काढ्यामागोमाग गरमगरम पाजली आणि गोधडी पांघरली. सर्दी घामावाटे निघते, पण घाम निथळता कामा नये, अंग नुसतं ओलसर व्हावं, म्हणाला. तासाभरात तिच्या कपाळावर बारीक ओल आली आणि तिने खोल श्वास घेतला. नाकाने! त्या एका मुळाखेरीज माझ्याच फडताळात, माझ्याच चुलीवर हे सारं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

ती विद्या मी उचलली आणि माझी म्हणून चालवली. महायुद्धामुळे कलकत्त्याहून ती चिनी मुळं येईनाशी झाली, तेव्हा त्याने उरलेलीही मलाच आणून दिली. लोक माझं नाव घेत, तो समोर बसून चहा पीत हसे. हे औषध याचं आहे, असं चार लोकांत एकदा तरी म्हणावं, हे रोज मनात येई. म्हटलं नाही. तो गेला आणि ते तोंडातच राहिलं. लाज वाटते.

परवा शेजारची भागाबाई सुनेला घेऊन आली. पुडी बांधता बांधता मी सांगून टाकलं, "हाई औषध मन्हं नही. चिनाभाईनं शे."

"माहीत शे ना आम्हले," ती म्हणाली. "त्यानाकडे औषधले गऊत ते तोच तुमनाकडे धाडे. म्हणे, मन्हापेक्षा वैद्यबाना हातले गुण शे."

मी पुडीला दोरा गुंडाळत राहिलो. गाठ काही केल्या बसेना.