पाळीपाळीचा शास्त्रपाठ

मुदखेडच्या आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारचा बायबलमधला शास्त्रपाठ तीस वर्षं एकटे बाबाच वाचत. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, आवाज खणखणीत. वर्षभराचे धडे ठरलेले, दरवर्षी तेच आणि त्याच क्रमानं.

पुण्याची नोकरी सोडून मी घरी आलो, दोन महिन्यांत कमिटीचा सेक्रेटरी झालो आणि मला सुधारणा सुचली. सगळ्यांनी पाळीपाळीनं वाचायचं, आणि शास्त्र पहिल्या पानापासून. तक्ता टाइप केला, लॅमिनेट करून चर्चच्या दाराशी टांगला. "बाबांनाच वाचू द्या की," लोक म्हणाले. पाळी आली की एकाचा घसा बसे, एकीला ऐन रविवारी चष्मा सापडत नसे. माझं डोकंच फिरलं. भर सभेत मी सगळ्यांना फैलावर घेतलं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. वाचन हातचं गेलं म्हणून त्यांना लागलं असेल, लागू दे, असं मी मनात म्हटलं.

चौथ्या रविवारी बाबांची पाळी होती. धडा जलप्रलयाचा. बाबांनी शास्त्र उघडलं, चष्मा नीट केला आणि हरवलेल्या मेंढराचा धडा वाचला. एक अक्षर चुकलं नाही. मध्ये त्यांनी पानही उलटलं. सगळे "आमेन" म्हणाले.

घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. "बाबा, तक्ता तरी बघायचा."

"बघितला. पांढरा कागद हाय, एवढं कळलं."

आईनं तवा उतरवला. डोळ्यांची नस सुकली, असं नांदेडच्या डॉक्टरनं चार वर्षांखालीच सांगितलं होतं. तेव्हापासून बाबा जुने धडे पाठ म्हणत होते. "समद्यांला ठावं हाय," आई म्हणाली. "तू नाताळाला दोन दिस यायचास. तुला कशाला घोर, म्हणून न्हाई सांगितलं."

घरात ते भिंतीला हात लावून चालत. मी समजत होतो, गुडघे दुखत असतील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचं नाव काढतो तक्त्यातून," मी म्हणालो.

"काढायचं न्हाई. माझी पाळी परत कधी हाय?"

पुढच्या महिन्यात होती. धडा वंशावळीचा, म्हणजे नावंच नावं.

बाबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मोठ्यानं वाच. आता पाठ व्हायला येळ लागतो."

मी वाचायला लागलो. तिसऱ्या नावाशी मी थांबलो. बाबांनी तिन्ही नावं पुटपुटली, मग म्हणाले, "पुढचं नाव सांग."